घरातला उद्योग आणि वीजजोडणी: घरगुती, वाणिज्यिक की औद्योगिक?

घरातल्या एका खोलीत घरघंटी बसवणाऱ्या, चार शिलाई यंत्रे टाकणाऱ्या किंवा मसाले कुटण्याचे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या बिलाआधीच एक प्रश्न पडतो: आहे त्याच मीटरवर काम भागवावे की नवी जोडणी घ्यावी, आणि घ्यायची तर कोणत्या प्रवर्गात? हा आढावा महावितरणच्या लघुदाब ग्राहकांपुरता, म्हणजे कमी दाबाची वीज घेणारी घरे, दुकाने आणि छोटे उद्योग यांच्यापुरता आहे. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर आणि अदाणी यांचे दर वेगळे असतात, पण प्रवर्गांमागचा विचार बराचसा सारखाच आहे.

प्रवर्ग ग्राहकाच्या मर्जीवर ठरत नाही. वीज अधिनियम, 2003 च्या कलम 62 नुसार दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाला ग्राहकाग्राहकांत मनमानी भेद करता येत नाही; मात्र विजेचा दाब, एकूण वापर, वापराची वेळ आणि पुरवठ्याचे प्रयोजन अशा निकषांवर वेगवेगळे दर लावता येतात. त्यातला ‘प्रयोजन’ हा निकष आपल्याला सर्वाधिक लागू पडतो. घरगुती वापर लघुदाब एकमध्ये येतो, दुकाने, कार्यालये व सेवा व्यवसाय लघुदाब दोनमध्ये आणि उद्योग लघुदाब पाचमध्ये. मीटर कोणत्या खोलीत आहे यापेक्षा त्या मीटरवर काय चालते, याला महत्त्व आहे.

घरगुती जोडणीवर व्यवसाय करणे मुळातच बेकायदा आहे, हा समज चुकीचा आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दर लावण्याची मुभा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या वीजदर आदेशांत दिलेली आहे. पात्रता आर्थिक वर्षाच्या अखेरीस तपासली जाते आणि वर्षाची मर्यादा ओलांडली गेली असल्यास पूर्वसूचना देऊन पुढे योग्य तो दर लावला जातो. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांच्या घरातील व्यावसायिक कामासाठी वेगळी तरतूद आहे, पण तिचा लाभ शुश्रूषागृहाला मिळत नाही.

या 300 युनिटांत नेमके काय बसते, ते एका घरघंटीवरून पाहता येईल. तिची मोटार एक अश्वशक्तीची, म्हणजे 0.746 किलोवॅटची धरू. मोटारीतील ऱ्हास धरला, तर पूर्ण भारावर तिला तासाला साधारण एक युनिट लागते. दिवसाला पाच तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस दळण चालले, तर घंटीचेच सव्वाशे युनिट होतात. घराचा स्वतःचा वापर दीडशे युनिटांचा असेल, तर बेरीज 275 वर जाते आणि मे महिन्यात कूलर सुरू झाला की मर्यादा मोडते. शिवाय घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. घंटीने खाल्लेले युनिट नेमके वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. अलीकडच्या आदेशांत 101 ते 300 या टप्प्याचा दर छोट्या उद्योगाच्या दरापेक्षा बराच चढा राहिला आहे. म्हणून ‘घरगुती म्हणजे स्वस्त’ हे गणित पहिल्या टप्प्यापलीकडे टिकत नाही. व्यवसायाचा वापर महिन्याला पन्नास-साठ युनिटांचा असेल तर घरगुती मीटर पुरेसे आहे. तो शंभराच्या पुढे सातत्याने जात असेल तर स्वतंत्र औद्योगिक मीटर घ्यावे, असे माझे मत आहे.

वाणिज्यिक आणि औद्योगिक यांतली सीमारेषा बारीक आहे आणि गैरसमज बहुतेक तिथेच होतात. पिठाची, डाळीची, पोह्यांची व मसाल्याची गिरणी, छापखाना, बर्फाचा कारखाना, अन्नप्रक्रिया आणि तयार कपड्यांचे उत्पादन हे उद्योगात मोडतात. शिंप्याचे दुकान, लाँड्री, ब्यूटी पार्लर आणि वाहनदुरुस्ती केंद्र हे वाणिज्यिक प्रवर्गात येतात. म्हणजे तीच शिलाई यंत्रे गिऱ्हाइकांच्या मापाचे कपडे शिवत असतील तर दुकान ठरतात आणि घाऊक माल तयार करत असतील तर कारखाना ठरतात. दोन्हींतला फरक केवळ युनिटच्या दरापुरता नाही: वीज शुल्क, म्हणजे बिलावरचा राज्याचा कर, उद्योगाला 7.5 टक्के, तर वाणिज्यिक ग्राहकाला 21 टक्के लागते (घरगुतीला 16 टक्के). त्यामुळे उत्पादन करणाऱ्याने अर्जात उद्योगाचे नेमके वर्णन लिहावे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) सोबत जोडावी आणि स्थळपाहणीच्या वेळी यंत्रे जागेवर दिसतील असे पाहावे. अर्जात नुसते ‘व्यवसाय’ असे लिहिले, तर जोडणी वाणिज्यिक प्रवर्गात जाण्याची शक्यता वाढते.

भार किती मागायचा, हा त्यानंतरचा निर्णय. औद्योगिक लघुदाबात 20 किलोवॅट ही महत्त्वाची रेषा आहे. तिच्या आत स्थिर आकार, म्हणजे युनिटांखेरीज दरमहा भरायची रक्कम, प्रत्येक जोडणीमागे ठरलेला असतो. तिच्यापलीकडे तो केव्हीए या एककातल्या मागणीवर, म्हणजे एकाच वेळी किती भार ओढला त्यावर, मोजला जातो आणि त्याला मागणी आकार म्हणतात. दहा अश्वशक्तीच्या दोन मोटारी मिळून 15 किलोवॅटच्या आसपास भरतात, त्यामुळे गावातली बहुतेक गिरणी या रेषेच्या आतच राहते. ‘पुढे वाढ होईल’ म्हणून आधीच 30 किलोवॅट मंजूर करून घेणारा ग्राहक वापर नसलेल्या महिन्यांतही मागणी आकार भरत राहतो. उलट कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली कमाल मागणी) फारच कमी ठेवून ती ओलांडली, तर जादा मागणीवर दीडपट आकारणी होते. मोटारी एकदम सुरू न करता थोड्या अंतराने सुरू केल्या आणि मोटारीचा वाया जाणारा केव्हीए भार कमी करणारे कपॅसिटर नीट ठेवले, तर ही मागणी बरीच आटोक्यात राहते.

दिवसा चालणाऱ्या उद्योगासाठी आणखी एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. केंद्राच्या 2023 च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार 10 किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 पासून वेळेनुसार दराची व्यवस्था अपेक्षित आहे, ज्यात सौर तासांतला (दिवसा सौर वीज उपलब्ध असतानाचा) दर किमान 20 टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळेतला किमान 1.2 पट असावा. सकाळी नऊनंतर दळणारी गिरणी इथे फायद्यात राहील, तर संध्याकाळी सहानंतर चालणाऱ्या छापखान्याला वेळापत्रक बदलावे लागेल.

मर्यादेबाहेरचा व्यवसाय घरगुती मीटरवर चालवत राहणे हा मात्र पर्याय नाही. मंजूर प्रयोजनाहून वेगळा वापर वीज अधिनियमाच्या कलम 126 खाली अनधिकृत ठरतो आणि संबंधित प्रवर्गाच्या दुप्पट दराने आकारणी होते. वापर केव्हा सुरू झाला ते ठरवता आले नाही, तर तपासणीआधीचे बारा महिने धरले जातात. अंतिम आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी आकारलेल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो, आणि अशी प्रकरणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाच्या कक्षेत येत नाहीत. वर्षभराच्या वापराचा तक्ता बिलावर किंवा महावितरणच्या ॲपवर दिसतो. आकडा 3,600 कडे सरकत असेल, तर नव्या मीटरचा अर्ज आर्थिक वर्ष संपण्याआधी, शक्यतो फेब्रुवारीपर्यंत, दाखल करावा.