प्लेस्टेशन ५, आठ महिन्यांनी: अर्ध्या तासात खरं खेळणं किती?

टेराफ्लॉपच्या, म्हणजे गणनेच्या वेगाच्या, आकड्यांवरून कन्सोलबद्दल फारसं काही कळत नाही. रोजच्या वापरात एकच हिशोब कामाचा: हातात अर्धा तास आहे, तर त्यातली किती मिनिटं प्रत्यक्ष खेळण्यात जातात? आठ महिन्यांच्या वापरानंतर या मापाने सोनीच्या प्लेस्टेशन ५ ला (पीएस५) जवळपास पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. गुण जातात ते ऑनलाइन सेवेत आणि त्याहून जास्त गेमच्या रचनेत.

वेगाचं मूळ आतल्या एसएसडीत, म्हणजे फिरते भाग नसलेल्या साठवणीत आहे. तिचा वाचनवेग सेकंदाला ५.५ जीबी. हार्ड डिस्कच्या काळात लोडिंग लपवायला पात्राला अरुंद फटीतून सरपटवायचे, नाहीतर लिफ्टमध्ये उभं करून गप्पा ऐकवायचे. फक्त याच पिढीसाठी बनलेल्या गेममध्ये ते सोंग बरंच कमी झालंय. रेस्ट मोडमधून, म्हणजे कन्सोलच्या झोपेतून, उठवलं की गेम सोडला तिथेच उभा असतो. पण एकच गेम. दुसरा उघडला की पहिला बंद. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीजचं क्विक रिझ्युम एकाच वेळी अनेक गेम राखून ठेवतं, आणि तिथे सोनी उघड मागे आहे. ऑनलाइन गेम मात्र रेस्ट मोडमध्ये टाकून उपयोग नाही, सर्व्हरशी संपर्क तुटतो आणि परत मेन्यूपासून सुरुवात.

पहिली अडचण जागेची. मूळ मॉडेलवर ८२५ जीबी लिहिलंय, वापरायला मिळतात ६६७ च्या आसपास. शंभर जीबीच्या पुढचे गेम आता नेहमीचे, म्हणजे पाच-सहा गेममध्ये घर भरलं. आधी फुकटचा उपाय करा: सेटिंग्जमध्ये कॅप्चर्स अँड ब्रॉडकास्ट्स उघडा, त्यात ट्रॉफीज, आणि ट्रॉफीचे व्हिडिओ आपोआप साठवणं बंद करा. हे व्हिडिओ गुपचूप साचत राहतात आणि पुन्हा कोणी बघत नाही.

खरा उपाय म्हणजे एम.२ एसएसडी, कन्सोलच्या आत बसवायची पातळ पट्टी. खोक्यावर एनव्हीएमई, पीसीआयई जेन ४ हा वेगवान प्रकार लिहिलेला हवा. साटा या संथ प्रकारची एम.२ चालत नाही. सोनीची शिफारस ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त वेगाची आहे. सात हजार एमबी वेगाची घेतली तर लोडिंगमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही, ते पैसे क्षमतेत घाला. उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक लागतोच, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिमी आणि रुंदी २५ मिमीच्या आत बसली पाहिजे. पीसीच्या मदरबोर्डसाठी बनवलेले उंच हीटसिंक आत मावत नाहीत, झाकणच लागत नाही.

बसवताना कन्सोल पूर्ण बंद करून सगळ्या वायरी काढा आणि तो थंड होऊ द्या. बाहेरचं पॅनेल हाताने सरकून निघतं. आतल्या पत्र्याच्या झाकणाला एक स्क्रू, आणि त्याखाली खाचेत दुसरा स्क्रू व छोटा स्पेसर. २२८० मापाची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) एसएसडी असेल तर हा स्पेसर ८० लिहिलेल्या भोकावर न्यायचा. तो चुकीच्या जागी राहिला तर एसएसडी नीट टेकत नाही. पट्टी तिरकी घालून शेवटपर्यंत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू आवळताना जोर नको. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची (उष्णता पोचवणाऱ्या मऊ थरावरची) पातळ फिल्म काढायला विसरलं तर हीटसिंक नावापुरता उरतो. सुरू केल्यावर कन्सोल फॉरमॅट करायला सांगतो आणि वेग मोजून दाखवतो. त्यानंतर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन नवे गेम कुठे उतरायचे ते बदला, नाहीतर सगळं जुन्याच जागी जात राहतं. यूएसबी डिस्कवर पीएस५ चे गेम ठेवता येतात पण तिथून चालत नाहीत. पीएस४ चे मात्र चालतात. म्हणून जुने गेम तिकडे हलवा.

कंट्रोलर हातात घेतल्यावर खूश करतो आणि काही महिन्यांनी काळजीत टाकतो. ट्रिगर दाबताना बोटाला जाणवणारा विरोध आणि बारीक कंपनं यांची जादू खरी आहे. पण स्टिकखाली पोटेन्शिओमीटर आहे: कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत राहते, पट्टी झिजते, मधल्या स्थितीचं मूल्य सरकतं आणि न हात लावता कॅमेरा फिरू लागतो. हाच ड्रिफ्ट. तपासायचं तर कंट्रोलर टेबलावर ठेवा, गेममधला डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजत नाही ती मर्यादा) शून्यावर आणा आणि पाहा. पाठीमागच्या छोट्या भोकात पिन पाच सेकंद दाबून रीसेट करून बघायला हरकत नाही. पण झिजलेली पट्टी रीसेटने भरून येत नाही. डेडझोन वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं, आणि त्यात नेम धरतानाच्या बारीक हालचाली मरतात. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणं नसतं. इतक्या किमतीच्या कंट्रोलरमध्ये ती नसावी, याला कारण काटकसरीपलीकडे दिसत नाही.

चित्राबाबत एकच गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी. गेममधला क्वालिटी मोड सेकंदाला ३० फ्रेम्सवर, परफॉर्मन्स मोड ६० वर, हे सगळ्यांना माहीत असतं. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा टीव्ही असेल तर ४० फ्रेम्सचा पर्याय शोधा. तीसमध्ये एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, साठमध्ये १६.७, आणि चाळीसमध्ये २५, म्हणजे वेळेच्या हिशोबात बरोब्बर मध्यावर. शिवाय १२० ला ४० ने भाग जातो, त्यामुळे हिसके बसत नाहीत. देखणेपणा फारसा न गमावता हाताला प्रतिसाद सुधारतो. एरवी सेटिंग्जमधल्या गेम प्रीसेट्समध्ये परफॉर्मन्स एकदाच निवडून ठेवा, प्रत्येक गेममध्ये शोधत बसावं लागत नाही.

आता पीएस प्लस, सोनीची वर्गणीची सेवा. तिची सगळ्यात खालची पातळी एसेन्शियल. ती घेतल्याशिवाय विकत घेतलेला गेमही मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता येत नाही. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमना ही अट नाही. दरमहा मिळणारे गेम लायब्ररीत राहतात, पण वर्गणी चालू असेपर्यंतच. एक्स्ट्रा या वरच्या पातळीच्या कॅटलॉगमधले तर वर्गणी चालू असतानाही निघून जातात, त्यामुळे साठ तासांचा गेम तिथे सुरू करण्याआधी ‘लास्ट चान्स’चा विभाग बघा. सगळ्यात खटकणारी बाब सेव्ह फाइलची, म्हणजे खेळ कुठवर आला त्या नोंदीची: पीएस५ गेमची सुटी सेव्ह यूएसबीवर घेता येत नाही. एकतर क्लाउडसाठी वर्गणी भरा, नाहीतर अख्ख्या कन्सोलचा बॅकअप घ्या. मागच्या पिढीत जमणारी सोय काढून ती विकायला ठेवली, याला दुसरं नाव नाही.

ऑनलाइन खेळताना मित्राचा आवाज येत नसेल तर शिव्या द्यायच्या आधी नेटवर्क तपासणीत नॅटचा प्रकार पाहा, त्यावरून राउटर बाहेरची जोडणी किती अडवतो ते कळतं. टाइप ३ दिसला तर राउटरवर यूपीएनपी (जोडणीची वाट आपोआप उघडणारी सोय) सुरू करा. एकामागे एक दोन राउटर असतील तर दुसरा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. आणि शक्य असेल तिथे लॅन केबलच.

एवढं सगळं जुळवून अर्ध्या तासापैकी एकोणतीस मिनिटं हाती आली तरी ती खाणारे गेमच असतात. वगळता न येणारे लोगो, दुकानाच्या जाहिराती, रोजची हजेरी, मुदतीचा बॅटल पास (खेळत राहिलं तरच बक्षिसं देणारी योजना). खेळावंसं वाटतंय म्हणून नव्हे, तर बक्षीस बुडेल म्हणून सुरू करायला लावणारी रचना ही कौशल्याने केलेली असली तरी कंटाळवाणीच. कोडं समोर आल्यावर दहा सेकंदांत उत्तर सांगणारे सोबती हा आणखी एक त्रास. काही गेममध्ये त्यांचा आवाज सेटिंग्जमधून आवरता येतो, तेवढं आधी करा.

सर्व्हरवर टांगलेल्या गेमचं काय होतं तेही दिसलंय. द क्रू हा २०१४ चा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याही हाती काही उरलं नाही. सोनीचा काँकॉर्ड हा ऑनलाइन गेम त्याच वर्षी २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद पडला. तिथे निदान पैसे परत मिळाले. एरवी सोनीच्या दुकानात परताव्याची मुदत १४ दिवसांची, पण डाउनलोड सुरू केलं की तो हक्क सहसा संपतो. पीसी गेमच्या स्टीम या दुकानात दोन तासांच्या आत खेळून पाहून परत करता येतं, इथे चाखायला मिळत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी गेमच्या पानावर खाली ‘ऑफलाइन प्ले एनेबल्ड’ लिहिलंय की ‘ऑनलाइन प्ले रिक्वायर्ड’, ती ओळ वाचा, आणि ऑटो डाउनलोड बंद ठेवा.