आयते किट की स्वतः भरलेली पिशवी? सह्याद्रीतील ट्रेकसाठी प्रथमोपचाराची तयारी

ट्रेकच्या सामानाच्या यादीत ‘फर्स्ट एड किट’ सगळेच लिहितात, पण ते आयते विकत घ्यावे की मेडिकलमधून सुट्या वस्तू आणून स्वतः भरावे, हा प्रश्न बहुधा निघायच्या आदल्या रात्री पडतो आणि मग जे हाताशी असेल ते सॅकमध्ये जाते. निवड नीट करायची असेल तर सह्याद्रीत माणसाला सहसा काय होते, हे आधी ध्यानात घ्यावे. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीच्या निसरड्या उतारावरून, उतरताना पाय मुरगळतो, शेवाळलेल्या कातळावर आपटून गुडघे आणि तळहात सोलवटतात, नव्या बुटांनी टाचेला फोड येतात, आणि ऑक्टोबरपासून पुढे उन्हात पाणी कमी पडले की पेटके येतात. आग्या मोहोळ उठणे आणि सर्पदंश या क्वचित घडणाऱ्या, पण जिवावर बेतणाऱ्या गोष्टी आहेत.

आयत्या किटची पिशवी बहुतेक वेळा उत्तम असते: रंग ठळक, कप्पे वेगळे, चेन मजबूत. आत मात्र घर, ऑफिस किंवा गाडी डोळ्यांसमोर ठेवून भरलेला माल असतो. बोटाला लावायच्या छोट्या पट्ट्यांची चळत, कापसाची गुंडाळी, अँटिसेप्टिक पुसण्या, बोथट कात्री आणि एखादे अरुंद बँडेज एवढ्यावर बऱ्याच स्वस्त किटांची मजल संपते. सोलवटलेल्या गुडघ्यावर छोटी पट्टी पुरत नाही. तिथे भरपूर स्वच्छ पाण्याने माती धुऊन काढावी लागते आणि मोठा निर्जंतुक गॉझ कागदी टेपने बसवावा लागतो. कापूस थेट जखमेवर ठेवला तर त्याचे तंतू जखमेत चिकटतात, त्यामुळे ती गुंडाळी घरीच ठेवलेली बरी.

दोन्ही पर्यायांतला खरा फरक घोट्यापाशी कळतो. घोट्यासाठी १० सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज, म्हणजे ताणले जाणारे लवचिक बँडेज, लागते. ६ सेंटिमीटरचे मनगटाला ठीक, पण घोट्यावर त्याची दोरी होते. पाऊल नडगीशी काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून सुरुवात करावी, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्यावेत, आणि प्रत्येक वेढ्याने आधीचा निम्मा झाकत घोट्याच्या वर चार बोटे जावे. मग अंगठ्याचे नख दाबून सोडावे. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर बँडेज सैल करावे. त्याआधीची तपासणी अधिक महत्त्वाची आहे. माणूस आधाराशिवाय चार पावले टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडले आहे असेच समजून पुढचे सगळे करावे. अशा वेळी झोपायची फोमची मॅट पायाभोवती गुंडाळून दोन त्रिकोणी पट्ट्यांनी बांधली की चांगला आधार होतो. त्रिकोणी पट्टी स्वस्त किटात सहसा नसते. स्वतः भरणाऱ्याला ती जुन्या सुती कापडातूनही कापून घेता येते.

औषधांच्या बाबतीत स्वतः भरलेली पिशवी निर्विवाद सरस ठरते, कारण पुष्कळशा आयत्या किटांत पोटात घ्यायची औषधे नसतातच. ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आणि एक लिटर पाण्याचे प्रमाण छापलेले आहे ना, हे पाहावे. गोड पेयाचा डबा त्याची जागा घेत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठेवावी. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेन मूत्रपिंडांना जाचते, म्हणून उन्हातल्या ट्रेकवर तिचा मोह टाळावा. सोबत्यांपैकी कोणाला दमा किंवा तीव्र ॲलर्जी असेल, तर त्याच्या डॉक्टरांनी दिलेली औषधे पिशवीत हवीतच आणि ती कुठे आहेत हे इतरांनाही ठाऊक हवे.

सर्पदंशावर मात्र दोन्ही पिशव्यांत उपाय नाही. विष ओढून घेणारे पंप ऑनलाइन मिळतात, त्यांवर पैसे घालवू नयेत. ब्लेड आणि आवळून बांधायची दोरी यांनी तर नुकसानच होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरची प्रतिविषाचे इंजेक्शन रुग्णालयातच द्यावे लागते. दंश झालेला अवयव आधार देऊन स्थिर ठेवावा, माणसाला शक्यतो चालवू नये, १०८ ला फोन करावा. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नये.

मग आयते किट कोणी घ्यावे? कॉलेजचा किंवा ऑफिसचा मोठा गट असेल आणि पिशवी कोण उघडेल याचा नेम नसेल, तर नावे लावलेले कप्पे फार उपयोगी पडतात. स्वतः भरलेल्या पिशव्यांची दुर्दशाही सर्वांच्या परिचयाची आहे: पावसात भिजलेला गॉझ, आणि गोळीचे नाव व मुदत यांचा भाग कापून टाकलेली अर्धी स्ट्रिप. ज्याला दर मोसमाआधी पिशवी रिकामी करून तपासण्याचा कंटाळा आहे, त्याने आयतेच घ्यावे, पण त्यात रुंद क्रेप बँडेज आणि ओआरएस तरी घालावे. महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी राजगड, हरिश्चंद्रगड करणाऱ्यांसाठी माझा कौल आयती पिशवी घेऊन आतला माल बदलण्याकडे आहे. वजन वाढते वाटल्यास छोट्या पट्ट्या आणि कापूस काढावा. उतरणीवरची काठी आणि माणशी तीन लिटर पाणी यांत काटकसर करू नये. टाचेला चुरचुर जाणवताच, फोड येण्याआधीच, कागदी टेप लावता यावा म्हणून तो वरच्या कप्प्यात ठेवावा.

पिशवी पुढे चालणाऱ्या लीडरकडे न देता सर्वांत मागे राहणाऱ्याच्या सॅकमध्ये द्यावी, कारण लंगडणारा माणूस मागेच पडतो.