ओल्ड गोव्यातला संतांवरचा वॉक: जावं का?

जा, पण सकाळची बॅच घ्या. दुपारच्या बॅचला सेंट ऑगस्टिनच्या पडक्या टॉवरकडे सावली नावाला नाही आणि माणशी ५०० रुपये घेऊन आयोजकांनी पाण्याची साधी बाटली पण ठेवली नव्हती.

आम्ही फोंड्याचे, पाहुणे आले की बॉम जेझू चर्चला न्यायचं, गोंयच्या सायबाचं म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं दर्शन, फोटो, झालं. पण गाईड बाईंनी चमत्कार जवळपास सांगितलेच नाहीत. १५४२ मध्ये आलेला झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यावरची पोरं कशी गोळा करायचा, आजाऱ्यांची सेवा कशी करायचा ते सांगितलं, आणि इन्क्विझिशन (धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) आणा म्हणून पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये पत्र त्यानेच लिहिलं हे पण लपवलं नाही, तिथेच माझा विश्वास बसला. फक्त शेवटी "यातून आपण काय शिकतो" चालू झालं तेव्हा शाळेचा परिपाठ वाटला.

खरा कळस राणी केतेवान. जॉर्जियाची राणी, इराणच्या शाह अब्बासने कैदेत ठेवलेली, धर्म सोड म्हणाले, नाही सोडला, १६२४ मध्ये शिराझला हालहाल करून मारलं. ती ऑर्थोडॉक्स म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथाची, तरी कॅथलिक ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष इथवर आणून जपले. त्या पडक्या टॉवरपाशी खोदकामात सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या लॅबमध्ये डीएनए टेस्ट झाली आणि २०२१ मध्ये ते जॉर्जियाला दिलं. इथे बाईंनी शिकवण वगैरे काही काढली नाही, बरं केलं, सगळे आपोआप गप्प झालेले.

जोसेफ वाझवर मात्र घाई केली राव! बाणावलीला जन्मलेला आपला माणूस, डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेली असताना १६८७ मध्ये वेष बदलून श्रीलंकेत घुसला, कँडीत हेर समजून तुरुंगात टाकलं, आणि पुढे देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते तर हा त्यांना आंघोळ घालत बसला. २०१५ मध्ये संतपद मिळालं त्याला. पाच मिनिटांत उरकला.

आणि मराठी बॅचमध्ये फादर स्टीफन्सचं नावच नाही म्हणजे कमाल आहे, इंग्लंडहून आलेल्या माणसाने १६१६ साली मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापलं, हजारो ओव्या! विचारलं तर म्हणाल्या ते राशोलच्या वॉकमध्ये येतं, त्याचे पैसे वेगळे.