नर्स प्रॅक्टिशनर की क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट?

नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालं, नाइट ड्युट्या अंगवळणी पडल्या, की 'पुढे काय' हा प्रश्न येतोच. भूल देण्याकडे किंवा प्रसूतीकडे जाणाऱ्यांचं मन बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे ते दोन रस्ते इथे सोडून देतो. लोक अडतात ते उरलेल्या दोनांत, नर्स प्रॅक्टिशनर व्हावं की क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. मीही अडलो होतो.

पदव्युत्तर शिक्षण दोन्हींना हवं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रगत परिचर्येच्या प्रमुख भूमिका म्हणून हीच दोन नावं येतात. मला फरक उमगला तो त्यांच्या उगमातून. प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम नर्स लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात काढला, तेव्हा डोळ्यांसमोर होती ती डॉक्टर न मिळणारी मुलं. स्पेशालिस्टची मुळं त्याआधीची. १९५४ मध्ये नर्स हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी अमेरिकेतल्याच रटगर्स विद्यापीठात मनोविकार परिचर्येतल्या स्पेशालिस्टचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्याचा भर नर्सिंगच खोलात नेण्यावर होता. आजही प्रॅक्टिशनरचं काम बरंचसं तपासणी, निदान आणि औषधं लिहिण्याचं असतं. स्पेशालिस्टचं निम्मं लक्ष रुग्णाकडे आणि निम्मं वॉर्ड कसा चालतो याकडे.

प्रॅक्टिशनरच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. आपला रुग्ण, आपला निर्णय. नियम देशागणिक बदलतात, पण जिथे औषध लिहिण्याचा अधिकार आहे तिथे साध्या मलमासाठीही कोणाच्या सहीची वाट बघत बसावं लागत नाही. माझी एक मैत्रीण या कामात इतकी रमली आहे की तिच्यासमोर मी वाद घालत नाही.

मी स्वतः याच अभ्यासक्रमाला गेलो होतो. माझं बिनसलं ते एका उशीवरून. पडून असलेल्या एका आजोबांची टाच लाल झाली होती, दाबून बघितलं तरी लाली जाईना, म्हणजे बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. केसपेपरवर लिहिलं, टाचा अधांतरी ठेवा. म्हणजे उशी पोटरीखाली लांबीने, गुडघा किंचित वाकलेला, टाचेला काहीच टेकता कामा नये. दुसऱ्या दिवशी बघतो तर उशी नेमकी टाचेखाली. पुन्हा सांगितलं. पाळी बदलली, उशी परत तिथेच. चूक कोणा एकीची नव्हती. हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती देताना, ती गोष्ट बोललीच जात नव्हती आणि कपाटात उशाही पुरेशा नव्हत्या. माझ्या हातात पेन होतं, पण पुढच्या रुग्णाची वेळ झालेली असायची. हे तीन-चार रुग्णांच्या बाबतीत झालं आणि मी सत्र संपल्यावर शाखा बदलून स्पेशालिस्टकडे गेलो.

आता माझं काम म्हणजे तीच उशी. हँडओव्हरच्या कागदावर टाचांची एक ओळ घालणं, नव्या मुलींसोबत पलंगाशी उभं राहून चादरीखाली हात घालून बघणं, उशांसाठी स्टोअरशी भांडणं.

त्रास इथेही आहेत. तुम्ही नेमकं काय करता, हे दर मीटिंगमध्ये नव्याने सांगावं लागतं. न झालेला बेडसोर कोणाला दाखवणार? खर्चाला कात्री लागली की पहिली नजर याच पदावर जाते, अशी धास्ती मला अधूनमधून वाटते. घरच्यांना तर प्रॅक्टिशनर चटकन कळतं. माझं काम माझ्या आईला अजून नीट कळलेलं नाही.

माझा अनुभव एकाच वॉर्डातला, तेव्हा तो सगळ्यांना लागू पडेल असं नाही. ज्याला निदानाचं कोडं सोडवण्यात मजा येते त्याने खुशाल प्रॅक्टिशनर व्हावं. पण ड्युटी संपवून घरी जाताना 'हे रोज असंच का होतं' म्हणून ज्याची चिडचिड होते, त्याला मी दुसरीकडे ओढेन. फक्त अर्ज भरण्याआधी एक बघा, तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथे स्पेशालिस्टचं पद खरोखर आहे का. काही ठिकाणी पदवी मिळते, पण पदच नसतं. तसं असेल तर प्रॅक्टिशनरच घ्या. मीही कुरकुरत तेच केलं असतं.