हाताने रंगवलेलं कापड, रिबन, दोरे, मणी: क्रेझी पॅचवर्कवर दिवाळीपासून वापरून काय राहिलं, काय गेलं

ज्यांना लांबलचक वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. हाताने रंगवलेले दोरे घ्या, डोळे झाकून घ्या. सिल्क रिबन घ्या पण थोडीच, आणि कुठे लावणार ते ठरवून मग घ्या. कापड विकत घेऊ नका, घरी रंगवा. मण्यांचं जरा लांबड आहे, ते खाली लिहिलंय.

दिवाळीच्या आधी ऑनलाइन एक बंडल मागवलं होतं (दुकानाचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, पुढे तक्रार आहे म्हणूनच लिहीत नाही). त्यात सुती आणि सिल्कचे रंगवलेले तुकडे, ४ आणि ७ मिमीची सिल्क रिबन, सहा पदरी दोऱ्याच्या आणि ८ नंबर पर्ल कॉटनच्या (पदर न सुटणारा, पीळ दिलेला दोरा) लड्या आणि मण्यांची मिक्स पुडी असं होतं. त्यातून आणि घरातल्या चिंध्यांतून मी दिवाणावरच्या उशांचे अभ्रे केले, एक खांद्याला लावायची झोळी केली आणि हॉलमध्ये भिंतीवर लावायला एक मोठा पीस केला. मुद्दाम तीन तऱ्हेचं केलं, कारण अभ्र्यांवर रोज कुणी ना कुणी टेकतंच, झोळी मारुती रोडला भाजी आणायला पण जाते आणि भिंतीवरचा पीस नुसता लटकतो. सांगलीचा उन्हाळा आणि पाऊस दोन्ही या सगळ्यावरून गेलंय म्हणून आता लिहायला बसले.

क्रेझी पॅचवर्क ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाली मांजरपाट, मधे एक वेडावाकडा पाच बाजूंचा तुकडा, मग त्याच्या एकेका बाजूला दुसरा तुकडा उलटा ठेवून टीप मारायची, उलटवून इस्त्री, असं गोल गोल फिरत जायचं, आणि मग प्रत्येक जोडावर भरतकाम. मोजमाप नाही, चौकोन जुळवणं नाही. अमेरिकेत १८८० च्या दशकात याचं लई वेड होतं, १८७६ ला फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात तिकडच्या लोकांनी जपानी वस्तू पाहिल्या आणि ते तिरपंतारपं डिझाइन सगळ्यांना आवडलं, त्याचा यात मोठा हात होता असं मानतात. तेव्हाही हे पांघरायला नव्हतंच, दिवाणखान्यात लोकांना दाखवायला होतं. आमच्या आत्या (सासूबाई) आयुष्यभर धावदोऱ्याच्या गोधड्या शिवत आल्यात, त्यांनी पहिला अभ्रा हातात घेऊन विचारलं, "हे पांघरायचं का नुसतं बघायचं गं?" मी म्हणलं बघायचं. "मग बरंय, मणी टोचणार नाहीत."

आता कापड. बंडलमधलं कापड दिसायला सुंदरच होतं, एका तुकड्यात तीन-चार छटा, निळ्यातून हिरवा, हिरव्यातून मेंदीचा. पण लाल आणि मरून तुकड्यांनी रंग सोडला. वापरायच्या आधी प्रत्येक तुकडा कोमट पाण्यात साबण घालून पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवायची माझी सवय आहे, त्यात मरूनवाली चिंधी गुलाबी झाली, परत धुतली तरी गुलाबी. दुकानवाल्यांना मेसेज केला तर म्हणे मिठाच्या पाण्यात घाला. हे मीठ-व्हिनेगरचं आपल्याकडे पण सगळे सांगतात, पण रंग चढून झालेल्या सुती कापडाला मीठ घालून काही होत नाही हो. मीठ रंगवताना लागतं, दोऱ्यात रंग ढकलायला, आणि रंग पक्का करतो तो सोडा. पाणी गुलाबी होतं याचा अर्थ जो रंग कापडाला धरलाच नाही तो नीट धुऊन काढलेला नाही. शेवटी मीच खूप गरम पाण्यात साबण घालून परत परत धुतलं तेव्हा पाणी स्वच्छ आलं. मग एवढे पैसे देऊन ते काम मीच करायचं असेल तर रंगवते पण मीच की.

आणि घरी रंगवणं खरंच अवघड नाहीये. थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग (आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये प्रोसिऑन नावाने आणले ते, आता बऱ्याच नावांनी मिळतात) आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडा ॲश, खायचा सोडा नाही. इचलकरंजीचं ग्रे कापड (मागावरून उतरलेलं कोरं) स्वस्त मिळतं पण त्याला खळ असते, ती सोडा-साबणात उकळून काढायची, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यानेच चढतो. मग सोड्याच्या पाण्यात भिजवून, पिळून, चुरगाळून पसरट डब्यात ठेवायचं, वरून रंग ओतायचा, प्लॅस्टिकने झाकून रात्रभर ठेवायचं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उब वेगळी द्यायला लागत नाही, गच्चीवर सावलीत डबा ठेवला की झालं, थंडीत मात्र रंग फिका येतो. एकच गोष्ट, बोअरचं पाणी नको. आमच्याकडचं जड आहे, त्यात सोडा टाकला की पांढरट साका बसतो आणि रंग मळकट येतो, म्हणून नळाचं किंवा फिल्टरचं घेते. कधीतरी कापडावर बर्फ पसरून त्यावर कोरडी पावडर टाकून बघा, बर्फ वितळताना जांभळ्या पावडरीतला निळा आणि गुलाबी वेगवेगळे पळतात, त्यातून जे कापड निघतं तसं दुकानात मिळत नाही.

घरगुती रंगांचं पण बरेच जण विचारतात. सांगलीत राहून हळद वापरली नाही असं होणार का, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय आपल्या हळदीला! पण खरं सांगते, हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही. झोळीवरचा तुकडा फिकट लिंबाच्या सालीसारखा झालाय, तोच रंग भिंतीवर, खिडकीपासून लांब, अजून बऱ्यापैकी आहे. शिवाय साबण लागला की लालसर डाग पडतो. त्यापेक्षा डाळिंबाची सालं बरी, आटपाडीकडून डाळिंबं येतातच, सालं वाळवून ठेवायची, कापड आधी तुरटीत उकळून घ्यायचं, मग सालांच्या पाण्यात. गढूळसर सोनेरी रंग येतो, तो उन्हात पण चांगला राहिला. लोखंडी कढईत केलं तर काळपट हिरवा येतो, फार देखणा, पण लोखंडाने कापड हळूहळू कुजतं, त्यामुळे तो रंग मी छोट्या तुकड्यांपुरताच ठेवलाय.

दोरे. इथे मी जरा लांबवणार आहे कारण माझ्या मते या कामातला सगळा जीव दोऱ्यात आहे. साध्या एकरंगी दोऱ्याने फेदर स्टिच (दोन्हीकडे फांद्या फुटल्यासारखा टाका) घातली तर ती छान दिसते, बास. हाताने रंगवलेल्या दोऱ्याने तीच फेदर स्टिच घातली की वेल झाल्यासारखी दिसते, कुठे कोवळं, कुठे पिकलेलं, आणि तुम्ही काहीच वेगळं केलेलं नसतं. मला फक्त हेरिंगबोन, फेदर, काजाचा टाका, साखळी, लेझी डेझी आणि फ्रेंच नॉट येतात, आणि तेवढ्यावर सगळं काम झालंय. लोक विचारतात किती टाके शिकलीस. दोरा शिकलेला आहे, मी नाही!

पण तो वापरायची पद्धत आहे. सहा पदरांतले दोन पदर पाहिजेत म्हणून एक पदर दुमडून सुईत घालतो ना, ते इथे चालत नाही, कारण दुमडला की एका टोकाचा गडद आणि दुसऱ्या टोकाचा फिका एकत्र येऊन सगळं खिचडी होतं. दोन पदर वेगवेगळे काढायचे आणि एकाच दिशेने लावायचे. लडीतून पुढचा तुकडा कापताना पण टोक लक्षात ठेवायचं, म्हणजे आधीचा जिथे संपला तिथूनच छटा पुढे चालते. आणि दोन ओळींचा टाका असेल, म्हणजे हेरिंगबोनवर वरून दुसऱ्या दोऱ्याने बांधणी वगैरे, तर एकच दोरा रंगीत घ्यायचा, दुसरा साधा. साधे दोरे मी अँकरचेच वापरते, हरभट रोडला सहज मिळतात.

खण आणि इरकलचे तुकडे मी भरपूर घातलेत, आपल्याकडे ते कुठल्याही घरात निघतात. खणावर विणलेली नक्षी असते, त्यावर छटांचा दोरा दिसतच नाही, पैसे पाण्यात. तिथे एकरंगी जाड पर्ल घाला, आणि छटांचा दोरा साध्या कापडावर ठेवा. जुन्या साडीचे काठ वापरणार असाल तर आधी घडीवर ओढून बघा, घडीवर चिरत असेल तर वरून कितीही भरा, कापड जाणारच. अमेरिकेतल्या जुन्या क्रेझी क्विल्टमधलं सिल्क पण असंच चिरलंय म्हणतात, वजन वाढवायला त्याला धातूचे क्षार पाजलेले असायचे.

टिकण्याच्या बाबतीत दोऱ्यांना पूर्ण मार्क. अभ्रे किती वेळा धुतले, पर्लचा एक टाका उसवला नाही. फक्त लांब सोडलेले टाके, म्हणजे मोठी लेझी डेझी, झोळीवर अडकून ओढली गेली. बंडलमध्ये एक चकचकीत "सिल्क" लडी होती, ती सिल्क नव्हतीच. जाळून बघायचं एक टोक: सिल्कला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते, याला कागद जळल्यासारखा वास आला, म्हणजे रेयॉन. सिल्क थ्रेडच्या बांगड्या करायला मिळतो त्यातला पण बराच रेयॉनच असतो. दिसायला झकास, पण ओला झाला की कमजोर होतो, म्हणून तो फक्त भिंतीवर.

रिबन. खरी सिल्क रिबन हातात घेतली की पाण्यासारखी पडते, टाका ओढला की पाकळी आपोआप गोल होते. दुकानातली साटिन रिबन पॉलिस्टर असते, ती ताठ राहते, पाकळी घडीसारखी दिसते, आणि घरी रंगवायला गेलात तर हे थंड पाण्यातले रंग तिला धरतच नाहीत. तर फूल करायचं असेल तर सिल्क, नुसती पट्टी लावायची असेल तर साटिन चालते. वीतभराहून थोडाच लांब तुकडा घ्यायचा, कापडातून सारखी आत-बाहेर ओढून रिबन फिसकटते, आणि सुई मोठ्या नेढ्याची घ्यायची म्हणजे भोक मोठं पडतं आणि रिबन रगडली जात नाही. महिन्यांनंतरचा हिशोब असा: भिंतीवरची फुलं जशीच्या तशी, अभ्र्यांवरची चपटी झाली (वाफ दाखवून सुईने उचलली की थोडी फुलतात), झोळीवरच्या ७ मिमीच्या गुलाबांच्या कडा झिजून भुरभुरीत झाल्यात. झोळीवर परत रिबन लावणार नाही.

मणी. मिक्स पुडी घेऊ नका. त्यात ११ नंबरचे काचेचे मणी, कटदाणा, नळ्या आणि कसलेकसले प्लॅस्टिकचे, सगळं एकत्र, आणि त्यातले गुलाबी-जांभळे रंगवलेले निघाले. माझी टेस्ट सोपी आहे, नेलपॉलिश रिमूव्हर लावलेल्या कापसात मणी चोळायचा, आणि थोडे मणी काचेच्या बशीत उन्हाच्या खिडकीत ठेवून द्यायचे. गुलाबी तर एका उन्हाळ्यात पांढुरके झाले. सोनेरी मुलाम्याचे मणी झोळीवर हाताच्या घामाने उघडे पडले. ज्या मण्यांचा काचेतच रंग आहे त्यांना मात्र काही झालं नाही. मग मी कापड पेठेतून साधे एकरंगी काचेचे घेतले आणि वर थोडे जपानी मियुकी कंपनीचे, ते महाग पण सगळे एकसारखे, टाक्याच्या टोकाला एकेक लावायला बेस्ट.

नळीच्या कडा धारदार असतात, दोरा कापतात, दोन्ही टोकांना एकेक छोटा मणी घातला की दोरा वाचतो. प्रत्येक मण्यातून दोनदा सुई, आणि चार-पाच मण्यांनंतर मागे एक गाठ, म्हणजे एक तुटला तर माळ सुटत नाही. मणी सगळ्यात शेवटी, मागचं अस्तर लावायच्या आधी, कारण नंतर इस्त्री फक्त उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. कापडात प्लॅस्टिकची जरतार असेल तर इस्त्री कोमटच, नाहीतर ती गोळा होते. आणि अभ्र्यावर मणी फक्त कोपऱ्यात. मधे लावले की गालावर ठसे उठतात, आमच्याकडे दुपारी झोपणाऱ्यांनी आंदोलन केलं.

धुण्याचं म्हणाल तर अभ्रे गार पाण्यात हाताने, न पिळता, उलटे करून सावलीत. झोळी नुसती ओल्या फडक्याने पुसते. पावसाळ्यात भिंतीवरचा पीस काढून मागून बघत जा, आमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, तिथे अस्तराला बुरशीचे ठिपके आले होते, आता मागे लाकडी पट्टी लावून भिंतीपासून बोटभर लांब टांगलाय. ठेवून द्यायचं असेल तर घडी नको, भरतकाम बाहेर येईल असं मलमलीत गुंडाळून, प्लॅस्टिक पिशवीत अजिबात नाही.

पैशांचं विचाराल तर रंगीत लडीची किंमत साध्या लडीच्या कितीतरी पट आहे, पण एक लडी पुरते खूप, माझ्या आठ नंबरच्या हिरव्या लडीतून तिन्ही गोष्टी करून अजून शिल्लक आहे. जाऊबाईंनी झोळी मागितलीये. त्यांना खण, डाळिंबाचं कापड आणि नुसते दोरे एवढ्यावरच करून देणारे, आणि त्यासाठी दोन लड्या परत मागवल्यात, दुसऱ्या दुकानातून.