फोचं पान उलटा: पुण्यातल्या व्हिएतनामी मेन्यूवरच्या कोरड्या नूडल्स

कोरेगाव पार्क असो, कल्याणीनगर असो की बाणेर, व्हिएतनामी किंवा ‘पॅन-एशियन’ मेन्यू उघडला की फो (रश्शातल्या तांदळाच्या नूडल्स) हमखास दिसतो आणि बहुतेक टेबलांवर तोच जातो. पुण्यात तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवावा. हनोईच्या फोचा जीव बीफच्या हाडांच्या रश्शात असतो. तो रस्सा तासन्‌तास मंद आचेवर उकळतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचं मांसही बंद आहे, म्हणून इथे चिकन येतं, क्वचित म्हशीचं मांस. चिकनचा फो हनोईतही खातात, पण तो अख्ख्या कोंबड्या उकळून केलेला असतो. आपल्याकडे पातळ रस्सा आला की वरचं लिंबू आणि कोथिंबीर त्याला तारू शकत नाही.

रस्सा नसलेल्या नूडल्सचं तसं नाही. त्यांना लागतात शेगडी, हिरवा पाला, भाजलेले दाणे आणि वाटीभर आंबटगोड पाणी. मनावर घेतलं तर पुण्यातलं कुठलंही स्वयंपाकघर हे नीट करू शकतं.

सुरुवात बुन थित नुओंगपासून करा. मेन्यूवर ते ‘लेमनग्रास चिकन वर्मिसेली बाउल’ अशा नावानं लपलेलं असतं. (मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा. मिळत असेल तर तोच घ्या, चिकनचा तुकडा शेगडीवर फार लवकर कोरडा पडतो.) बुन म्हणजे तांदळाच्या गोल, पांढऱ्या शेवया, कोकणातल्या शिरवाळ्यांच्या चुलत बहिणी. शिरवाळ्यांना उकडलेले उंडे साच्यातून दाबतात, तर बुनचं आंबवलेलं पीठ साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पडतं. शिजल्या की थंड पाण्यात धुऊन निथळतात. बाउलमध्ये त्या कोमटही नसाव्यात, साध्या हवेइतक्या गार असाव्यात. गरम घातल्या तर खालचा पाला कोमेजतो आणि शेवयांचा गोळा होतो. फ्रिजमधून थेट आल्या तर कडक होतात आणि दाताखाली मोडतात, कारण शिजलेल्या तांदळाचा स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो. शिळा भात फ्रिजमध्ये टणक होतो तसंच.

थर असे हवेत: तळाला लेट्यूस, काकडी, मोड आलेले मूग आणि पुदिना-कोथिंबीर-तुळस, त्यावर शेवया, वर शेगडीवरून नुकतं उतरलेलं मांस. मग कांद्याच्या पातीवर गरम तेल ओतून केलेलं मो हान्ह. हा थर पुण्यात सर्रास गाळतात आणि मग बाउल कोरडा लागतो. शेवटी दाणे. ते जाडसर भरडलेले असावेत. मराठी हात असला की दाण्याचं बारीक कूट पडतं. ते पाणी पिऊन घेतं आणि बाउलची कोशिंबीर होते.

सगळं मीठ नुओक चाममध्ये, म्हणजे वाटीतल्या त्या आंबटगोड पाण्यात असतं. शेवया अळणी, भाज्या अळणी, म्हणून नुसतं चाखलं तर ते जरा अतीच खारट-गोड-आंबट लागायला हवं. घरी करायचं तर फिश सॉस, साखर आणि लिंबाचा रस समप्रमाणात, पाणी चौपट. साखर आधी कोमट पाण्यात विरघळवा, गार झाल्यावर लिंबू, शेवटी बारीक चिरलेला लसूण आणि लाल मिरची. एका बाउलला ४ ते ५ मोठे चमचे लागतात. हॉटेलात दोन चमच्यांची इवलीशी वाटी आली तर लाजू नका, दुसरी मागा. रंगही पाहा. पातळ, पारदर्शक, फिक्या चहासारखं असेल तर फिश सॉस आहे. काळपट आणि घट्ट असेल तर सोया सॉस किंवा बाटलीतला स्वीट चिली आहे, आणि मग मांसाचा पदार्थ व्हिएतनामी राहत नाही. फिश सॉसचा वास सुकटीच्या गावचा असतो, पण एवढ्या पाण्यात आणि लिंबात तो जाणवेल न जाणवेल इतकाच उरतो. ओतल्यावर तळापासून ढवळून घ्या, बिर्याणी काढतो तसं वरवरचं खाऊ नका.

बुन चा हा हनोईचा प्रकार. २०१६ साली बराक ओबामा अमेरिकन शेफ आणि टीव्ही सूत्रधार अँथनी बोर्डेनबरोबर हनोईत छोट्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हेच जेवले होते. इथे मांस नुओक चामच्याच कोमट, सौम्य रूपात बुडवलेलं येतं, सोबत कच्च्या पपईच्या फोडी असतात. शेवया आणि पाला वेगळ्या ताटलीत. थोड्या थोड्या शेवया वाडग्यात बुडवत खायचं. एकाच बाउलमध्ये सगळं कालवून आलं तर नाव बुन चाचं आणि पदार्थ वरचाच, हे समजून घ्या.

फो साओ म्हणजे फोच्याच चपट्या नूडल्स परतून. सुक्या नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. वाकतील, पण मध्ये पांढरी रेघ राहील इतपतच. उकळून घेतल्या तर कढईत तुकडे होतात. दोन-तीन प्लेटी एकदम टाकल्या की परतण्याऐवजी वाफवल्या जातात आणि लगदा हाती येतो. गर्दीच्या शनिवारी रात्री हे मागवू नका.

‘मी क्वांग’ हा पदार्थ सापडला तर जरूर घ्या. हळदीनं पिवळ्या केलेल्या तांदळाच्या रुंद नूडल्स, तळाशी जेमतेम बुडेल इतकाच दाट रस्सा, वर दाणे आणि तिळाचा भाजलेला तांदळाचा पापड. वाडगाभर नारळाचा रस्सा आला तर ती थाई करी समजा. व्हिएतनाममधल्या होइ आन गावच्या काव लाव या नूडल्सबद्दल मात्र साशंक राहा. त्या नूडल्सचे तांदूळ राखेच्या क्षारपाण्यात भिजवतात, पापडात पापडखार जे काम करतो तेच इथे ही राख करते. तो चिवटपणा साध्या नूडल्सना येत नाही. मियेन या काचेसारख्या नूडल्स कर्दळीच्या एका जातीच्या कंदापासून होतात. परतलेल्या बऱ्या लागतात, पण त्यासाठी मुद्दाम गाडी काढू नये.

शाकाहारी मंडळींनी टोफू पाहून निर्धास्त होऊ नये. बऱ्याच ठिकाणी मांस बदलतात, वाटी तीच ठेवतात. ऑर्डर देतानाच फिश सॉसबद्दल विचारा. व्हिएतनामात शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात (आपल्या चहाशी संबंध नाही), आणि तिथले कित्येक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेच जेवतात. त्यामुळे फिश सॉसऐवजी सोया सॉस घालून केलेलं शाकाहारी पाणी हीसुद्धा तिथलीच पद्धत आहे, तडजोड नव्हे.

पार्सल मागवलं तर वाटी वेगळी पाठवायला सांगा. आधीच ओतलेल्या पाण्यात शेवया अर्ध्या तासात फुगतात. कडक होऊन आल्या असतील तर चाळणीत घेऊन दहा सेकंद उकळतं पाणी ओता, लगेच गार पाण्याखाली धरा आणि चाळणी चांगली झटका.