पिकअपला पॉवर विंडो: युनिव्हर्सल किट की कंपनीचा रेग्युलेटर?

हँडलच्या काचा असलेली पिकअप. पॉवर विंडो करायची, पण बाजारातलं युनिव्हर्सल किट घ्यावं की त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचा मोटरवाला रेग्युलेटर (दारातली काच वर-खाली करणारी यंत्रणा)?

खर्चात किट स्वस्त. जुना रेग्युलेटर तसाच राहतो. हँडल काढून त्याच्या दांड्यावर मोटर जोडतात. पण दाते झिजलेल्या रेग्युलेटरला नवी मोटर लावून ती टिकणार किती? कंपनीचा सेट महाग, मात्र त्यातली मोटर आणि रेग्युलेटर एकमेकांसाठीच बनलेले असतात. दाराच्या पत्र्यातली बोल्टची भोकं जुळतात का, ते आधी पाहा. जुळत नसतील तर पत्रा कापू नका.

वायरिंगची मेहनत दोन्हीकडे सारखी, आणि खरी गोम तिथेच आहे. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, योग्य फ्यूज, रिले (स्विचच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) हवाच. गाडीतल्या म्युझिक टेपच्या वायरीतून करंट घ्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नका: काच अडकली की मोटर कितीतरी जास्त करंट ओढते आणि बारीक वायर तापते. बिजागरीजवळ रबरी नळीही हवी, नाहीतर दाराच्या उघडझापीत वायर सोलते. काचेच्या खाचेतलं रबर कडक झालं असेल तर आधी तेच बदला. दोन्ही पर्यायांत मोटरचं आयुष्य त्यावर ठरतं.

रेग्युलेटर धड असेल, बजेट कमी असेल, तर किट चालेल. रोज भाड्यावर धावणारी, अजून बरीच वर्षं ठेवायची गाडी असेल तर कंपनीचाच सेट घ्या. खडीच्या, विटभट्टीच्या धुळीत राबणाऱ्या गाडीला मात्र हँडलच राहू द्या.